कडू टोक कापण्याआधी

काकडी चिरायला घेतली की आधी देठाकडचं टोक कापायचं, तोच तुकडा कापलेल्या जागी गोल गोल घासायचा, फेस आला की पुसायचा आणि एक चकती चाखून बघायची. घासल्याने कडूपणा खरंच निघतो का, यावर घरोघर वाद आहेत. टोक कडू असतं, यावर नाहीत. तो कडूपणा कुकुरबिटॅसिन नावाच्या रेणूंचा. काकडी, दुधी, भोपळा, पडवळ या सगळ्या कुळात ते कमीअधिक सापडतात आणि त्यांचं काम एकच : एकदा तोंड लावलेल्याने पुन्हा लावू नये.

रानातल्या काकड्या कडूजहर असतात. मग आपल्या ताटात गोड काकडी आली कशी? २०१४ साली चीनमधल्या संशोधकांनी हे जनुकांच्या पातळीवर उलगडून दाखवलं. कडू रेणू बनवण्याची सगळी सामग्री गोड काकडीच्या वेलातही शाबूत असते. ती कामाला लावणारी जनुकं मात्र दोन आहेत, एक पानांसाठी आणि एक फळासाठी. शेकडो पिढ्या माणूस कमी कडू फळाचं बी राखत गेला, त्यात फळाचं जनुक मंदावत गेलं. पानाचं तसंच राहिलं, कारण काकडीचं पान कुणी कोशिंबिरीत घालत नव्हतं. थोडक्यात, रेणूशास्त्राचं एक अक्षर माहीत नसताना शेतकऱ्याने पानाचं संरक्षण आणि फळाची चव वेगवेगळी केली होती.

सगळ्या पिकांत हे इतकं नीट साधलेलं नाही. बहुतेक ठिकाणी आपण कडू, तुरट, उग्र, केसाळ, चिवट असं सगळंच सरसकट काढून टाकलं आणि मऊ, गोड, लवकर शिजणारं वाण निवडलं. हे पुस्तक लिहिताना जी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली ती हीच : आपल्याला जी चव नकोशी वाटते, तीच बहुधा पिकाची ढाल असते. चव आपण निवडली, ढालीच्या जागी फवारणीचा पंप आला. किडी वाढायला दुसरीही कारणं आहेत. मैलोन्‌मैल एकच पीक, हात सैल सोडून दिलेला युरिया, वर्षातून तीन-तीन हंगाम. पण मूळ सौदा चवीचा होता, आणि त्याचा हिशेब पिकांच्या पुस्तकांत सहसा मांडला जात नाही. किडीवरची मराठी पुस्तकं बहुधा अळीपासून सुरू होतात आणि औषधाच्या मात्रेवर संपतात. मधलं झाड त्यांत नुसतं उभं असतं, खाल्लं जाण्यासाठी. ते झाड काय करतं, हे सांगावं म्हणून हा उद्योग.

आता हे उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये बसून कुणी का सांगावं? रास्त प्रश्न आहे. इथे शेत नाही. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत, मग कारखाने, शिलाईची दुकानं आणि कोकणातून, घाटावरून आलेली मराठी बिऱ्हाडं. या सगळ्यात नांगराला जागा उरली नाही. चार नंबरात हिरवं दिसतं ते लालचक्कीच्या भाजीवाल्यांकडे, नाहीतर रुळांच्या कडेला लावलेल्या पालेभाजीच्या वाफ्यांत. पण विठ्ठलवाडीला कर्जत लोकल पकडा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बदलापूर सुटलं की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू होतात आणि वांगणी, शेलू, नेरळ करत कर्जतपर्यंत सोबत करतात. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. म्हणजे एका तिकिटात रसायनाचा कारखाना, बाजार, शेत आणि प्रयोगशाळा. या विषयाला याहून सोयीची जागा मला तरी ठाऊक नाही.

शिवाय आमच्या वाचकांत अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळ्या केलेले पुष्कळ. रिअ‍ॅक्टरचं तापमान एक-दोन अंशांनी सरकलं तर अख्खी बॅच वाया जाते, हे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांना एवढंच सांगावं : ज्वारीचं कोवळं रोप हीच असली कारागिरी उघड्या माळावर, साध्या पाण्यात, आहे त्या हवेच्या तापमानाला करतं. अमिनो आम्लापासून तीन एन्झाइमांच्या हातून ते धुरिन नावाचा पदार्थ बनवतं. धुरिन फुटलं की त्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीवर चरलेली गुरं दगावतात ती यामुळेच. आणि हा सगळा माल रोप स्वतःच्या पोटात साठवून सुखाने वाढतं.

कसं? तर दोन भाग वेगळे ठेवून. धुरिन एका कप्प्यात, ते फोडणारं एन्झाइम दुसऱ्यात. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दातांनी चिरडलं की पडते. ही युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते, फक्त आपण तिला संरक्षण म्हणत नाही. मोहरीचे दाणे कोरडे चावून बघा, थोडे कडवट, बस्स. तेच कुटून थंड पाणी घालून फेसा. क्षणात नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. दाण्यात सिनिग्रिन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. ते शेजारी असले तरी वेगळे असतात. दाणा फुटला, पाणी मिळालं, दोघं भेटले की तिखट उडणारं तेल तयार होतं. आणि फोडणीतली मोहरी का झोंबत नाही? कढत तेलात एन्झाइम आधी मरतं, मग दाणा तडतडतो. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या बाईला हे सूत्र पक्कं माहीत असतं, मायरोसिनेज हे नाव सोडून. कोबीच्या पानावर बसलेली अळी दर घासाला फेसलेली मोहरीच खात असते. लसूण ठेचल्याशिवाय वास का सुटत नाही, याचंही उत्तर याच धर्तीचं आहे.

असे तयार साठे रोपाच्या संरक्षणाचा सोपा भाग. खरी गंमत पुढे आहे. रोप सतत हत्यारं पाजळून बसत नाही. त्याला ते परवडत नाही. ज्या रोपांत प्रयोगशाळेत संरक्षण कायमचं चालू ठेवलं, ती रोपं खुरटली. प्रथिनं, साखर, नायट्रोजन एकदाच खर्च होतात, वाढीवर नाहीतर बचावावर. तेव्हा कुणी खातंय की नुसतं वाऱ्याने फाटलंय, हे ओळखणं रोपाच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. आणि ओळखायचं कसं, डोळे नाहीत, कान नाहीत.

यातलं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण चवळीचं. साधी चवळी, जिची उसळ आपण करतो. तिच्या पानावर लष्करी अळी बसते आणि कुरतडायला लागते. चावलेलं पान पोटात जातं. त्या पानाच्या हरितकणांत ऊर्जा बनवणारं, म्हणजे एटीपी तयार करणारं एक प्रथिन असतं. अळीच्या आतड्यात त्या प्रथिनाचे तुकडे होतात. अळी खाताना थोडा थोडा रस ओकत असते आणि त्या रसाबरोबर अकरा अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा पुन्हा पानाच्या जखमेवर येऊन पडतो. चवळीच्या पेशींवर नेमका हाच तुकडा धरणारं एक ग्राही प्रथिन आहे. तो चिकटला की रोपाला कळतं. अळीचं असं त्यात काहीच नसतं; चवळीला ओळख पटते ती तिच्या स्वतःच्या प्रथिनाची, दुसऱ्याच्या पोटातून जाऊन आलेल्या. कात्रीने पान कापलं तर हा तुकडा तयार होत नाही, गारपिटीने फाटलं तरी नाही. अळीचं पचन झालं तरच होतो. २००६ मध्ये हा तुकडा ओळखला गेला, त्याला इन्सेप्टिन म्हणतात. त्याचं ग्राही सापडायला २०२० साल उजाडलं.

चवळीकडे आणखी एक सोय आहे, ती बघायला सूक्ष्मदर्शकही नको. शेंगा धरल्या की शेंगेच्या दांड्यावर, देठाजवळ बारीक गाठींसारख्या ग्रंथी दिसतात. त्यांतून गोड रस पाझरतो. सकाळी वाफ्यात वाकून बघितलं तर तिथे मुंग्यांची रांग असते आणि भाजी काढणारीला त्या चावतातही. फुलातल्या मधाचा परागीभवनासाठी उपयोग होतो. या मधाचा फुलाशी काही संबंध नाही. मुंग्यांना रोज खाऊ घालायचं आणि त्या बदल्यात त्यांनी वेलावरची अंडी, बारीक अळ्या उचलायच्या. मक्याने याच्याही पुढे मजल मारली आहे. १९९७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अळीच्या ओकारीतला व्होलिसिटिन नावाचा रेणू मक्याच्या जखमेवर लागला की पूर्ण रोप विशिष्ट वास हवेत सोडतं. त्या वासावर बारीक परोपजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. अळीच्या शत्रूला झाड स्वतः बोलावून घेतं. आपण शेतभर औषध मारतो तेव्हा आधी या माश्या मरतात, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढे भाताच्या संदर्भात ते लागेल.

ओळख पटल्यावर बातमी पानापानांत जायला हवी. झाडात विजेचे संकेत धावतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवलं होतं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. २०१८ साली जपानी-अमेरिकी संशोधकांनी एका मोहरीवर्गीय रोपट्यात कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन घातलं, त्यावर अळी सोडली आणि चित्रफीत घेतली. अळीने पान तोडल्याबरोबर जखमेपासून उजेडाची लाट निघते आणि सेकंदाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने दूरच्या पानांपर्यंत पोचते. लाट सुरू करणारा पदार्थ ग्लुटामेट, जो आपल्या मेंदूतही संदेश नेतो. यावरून झाडाला वेदना होतात असा निष्कर्ष काढायचा मोह होतो आणि बरेच जण तो काढतात. मी काढणार नाही. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. रेणू तोच असला म्हणून काम तेच असतं असं नाही.

लाट पोचली त्या पानात जॅस्मोनेट हे संप्रेरक तयार होतं. पेशींच्या पडद्यातलं लिनोलेनिक आम्ल मोकळं होतं, हरितकणात त्यावर दोन-तीन संस्कार होतात आणि दुसऱ्या कप्प्यात जाऊन त्याचं जॅस्मोनिक आम्ल बनतं. जाई-चमेलीच्या अत्तरात जो मिथाइल जॅस्मोनेट असतो, तो याचाच भाऊबंद. अत्तर बनवणाऱ्यांनी तो १९६२ मध्येच वेगळा काढला होता. झाडाला त्याचा उपयोग काय, हे कळायला पुढची तीस वर्षं गेली. जॅस्मोनेट काम कसं करतं, हे त्याहूनही उशिरा कळलं, ते असं. संरक्षणाची जनुकं पेशीत तयारच असतात, पण जाझ नावाची प्रथिनं त्यांना दाबून ठेवतात. जॅस्मोनेट आलं की त्या जाझ प्रथिनांवर खूण केली जाते आणि खूण झालेलं प्रथिन पेशी मोडीत काढते. दाबणारं गेलं, जनुकं मोकळी झाली. रोप काही नव्याने शिकत नाही, अडवून धरलेलं सोडतं, म्हणून प्रतिसाद तासाभरात दिसू लागतो. हे कोडं २००७ साली सुटलं, आणि अनेक प्रयोगशाळांना ते एकाच वेळी सुटलं.

मोकळी झालेली जनुकं करतात काय? इथे क्लॅरेन्स रायन या अमेरिकी शास्त्रज्ञाचं नाव घ्यायलाच हवं. १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने पाहिलं की बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या एका पानाला भुंगेऱ्याने खाल्लं की न खाल्लेल्या पानांतही एक प्रथिन साठू लागतं. ते विष नव्हतं. ते पचन अडवणारं प्रथिन होतं, प्रोटिनेज इनहिबिटर. अळीच्या आतड्यात प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात, त्यांना हे जाऊन चिकटतं. अळी पोटभर खाते आणि उपाशी राहते. मरत नाही लगेच, पण वाढ रखडते, उशिरा कोष करते, अंडी कमी घालते. आपण कडधान्यं कच्ची खात नाही, वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवूनच बिरडं करतो, त्याचं एक कारण हेच. ही प्रथिनं आपलंही पचन अडवतात आणि उष्णतेने मोडतात.

या विषयावरचं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालं आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आणि मराठी वाचकाला ते माहीत नाही याची मला खंत वाटते. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न घेतला तो अगदी घरचा : हरभऱ्यावरची घाटेअळी. हीच अळी तुरीवर शेंगा पोखरते, कापसावर बोंडअळी म्हणून येते, टोमॅटो सोडत नाही. हरभरा तसा निःशस्त्र नाही. पौषातल्या पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालत गेलं तर पोटऱ्या चुरचुरतात. पानांवरच्या केसांतून आंबट दव सुटतं. त्यावर रात्री स्वच्छ धोतर अंथरून पहाटे पिळून घेतलं की ती हरभऱ्याची आंब, पोटदुखीवरचं जुनं औषध. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कोवळ्या घाटेअळीची वाढ रोखतं. दाण्यात पुन्हा पचन अडवणारी प्रथिनं आहेतच. मग घाटेअळी हरभरा फस्त कशी करते?

१९९८ साली या मंडळींनी उत्तर दिलं. हरभऱ्याची पचनरोधक प्रथिनं घाटेअळी सरळ पचवून टाकते. तिच्या आतड्यात एकाच कामाची अनेक एन्झाइम्स आहेत. काहींना हरभऱ्याने अडवलं तर उरलेली त्या अडवणाऱ्यालाच तोडतात. पिढ्यान्‌पिढ्या हरभऱ्यावर जगलेल्या किडीने हरभऱ्याची सगळी हत्यारं पाहिलेली आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी तुलना मांडली. एका बाजूला अळी ज्यांवर जगते ती पिकं, हरभरा, तूर, कापूस. दुसऱ्या बाजूला ती ज्यांच्या वाटेला सहसा जात नाही ती, भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा. दुसऱ्या गटातली पचनरोधक प्रथिनं अळीला पचवता आली नाहीत, तिची वाढ रखडली. पुढे कारल्यातली आणि मिरचीतली अशी प्रथिनंही त्यांनी तपासली. यातून निघालेला धडा मला फार मोलाचा वाटतो : ज्या पिकाला वाचवायचं आहे त्याच्याकडे उपाय नसतो, तो शेजारच्या, किडीला अनोळखी असलेल्या झाडाकडे असतो. आणि एकच प्रथिन देऊन भागत नाही, कारण अळी आहार बदलला की आतड्यातली एन्झाइम्स बदलते.

आता आपल्या दाराशी, भाताकडे. उल्हास नदीच्या खोऱ्यात खरिपात भात आणि त्यामागून ओलीवर वाल, हा जुना शिरस्ता. भाताचा मोठा वैरी खोडकिडा. अळी खोडात शिरते, कोवळ्या रोपाचा मधला पोंगा सुकतो, आणि निसवताना आली तर लोंबी पांढरी, पोकळ निघते, जिला शेतकरी पळिंज म्हणतो. अळी खोडाच्या आत, औषध बाहेर. खोडकिड्याला पुरून उरेल असं खणखणीत प्रतिकारक जनुक लागवडीच्या भातात सापडलेलं नाही. म्हणून इथे जनुकापेक्षा एक खनिज जास्त कामाचं ठरतं, सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ. भाताइतकी सिलिका शोषणारं दुसरं पीक विरळा. वाळलेल्या ताटाच्या वजनात ती दहा टक्क्यांपर्यंत जाते. तुसाच्या राखेत बहुतांश तीच असते. मुळांतून ती आत घेणारं प्रथिन जपानमध्ये २००६ साली ओळखलं गेलं. आत आलेली सिलिका पानाखोडाच्या सालीखाली थर धरते. अळीचे जबडे त्यावर झिजतात.

ही झाली यांत्रिक बाजू. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी पानं गुंडाळणाऱ्या अळीवर प्रयोग करून दाखवलं की सिलिका मिळालेल्या भातात जॅस्मोनेटचा प्रतिसाद जास्त लवकर आणि जास्त जोरात येतो. आणि जॅस्मोनेट उलट सिलिकेचा साठा वाढवतं. म्हणजे सिलिका नुसती भिंत नाही, रोपाच्या संरक्षणयंत्रणेशी तिचं देणंघेणं आहे. आता डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड आठवा. तिचं पहिलं सूत्र काय? भाताचे अवशेष भातालाच परत द्या, तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या वाफ्यात मिसळा. दुसरं गिरिपुष्पाचा पाला, तिसरं ठरावीक अंतरावर लावणी, चौथं युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणं. सावंतांचं सिलिकॉनवरचं संशोधन जगात वाचलं जातं आणि कोकणात त्यांची राख वाफ्यात पडते. गिरणीच्या बाहेर तुसाचे ढीग जळताना दिसतात तेव्हा जळतं ते पिकाचं एक औषधच. ती राख काळी असतानाच उचलावी, पार पांढरी होईपर्यंत जाळू नये. भाताच्या प्रकरणात याचा तपशील दिला आहे, आणि पुस्तकातलं ते सर्वांत लांब प्रकरण आहे. लांबलं याबद्दल मला वाईट वाटत नाही.

भाताचा दुसरा वैरी तपकिरी तुडतुडे. त्यांच्या बाबतीत जनुकं सापडली आहेत, पुष्कळ सापडली आहेत, आणि तिथेच सावध व्हायला हवं. १९७३ मध्ये फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-२६ हे तुडतुड्यांना दाद न देणारं वाण दिलं. तीन-चार वर्षांत तुडतुड्यांची नवी जात त्यावर सुखाने पोसू लागली. एका जनुकाचा अडथळा कीड ओलांडते. इंडोनेशियाने १९८६ साली वेगळी वाट धरली : भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण फवारण्यांनी तुडतुड्यांआधी त्यांना खाणारे कोळी मरत होते आणि तुडतुडे उलट वाढत होते.

बीटी कापसाची कथा सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात. २००२ मध्ये परवानगी मिळाली. या कापसातलं किडीला विषारी असलेलं प्रथिन जिवाणूचं, झाडाचं नव्हे. ते बोंडातच नाही तर सगळ्या झाडात, सगळा हंगाम असतं. चवळी जे करत नाही नेमकं तेच. कडेला साधा कापूस लावा म्हणून पाकिटासोबत बी दिलं, ते फारसं कुणी लावलं नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बोंडं पोखरून दाखवली. बीटी वांग्याला २०१० च्या फेब्रुवारीत स्थगिती मिळाली ती आजही आहे. या तंत्राच्या बाजूचे आणि विरोधाचे दोन्ही आवाज मोठे आहेत, आणि दोघेही झाडाचं ऐकत नाहीत असं माझं मत. जनुक कुठून आणलं यापेक्षा ते केव्हा आणि कुठल्या अवयवात चालू होतं, हा प्रश्न जास्त मोठा आहे. काकडीने तो कधीच सोडवला होता.

कीडही गप्प बसत नाही, हे प्रत्येक प्रकरणात येईल. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीकडे मोहरीचं तिखट तयार होण्याआधीच त्यातला गंधक तोडणारं एन्झाइम आहे. २०१८ मध्ये भारतात उतरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याचं विष पचवताना त्याला साखरेचा रेणू अशा बाजूने जोडते की मक्याची एन्झाइम्स तो काढू शकत नाहीत. काकडीच्या कुकुरबिटॅसिनने बहुतेक किडी पळतात, पण तांबडे भुंगेरे त्याच कडूपणाच्या ओढीने वेलावर येतात. कडू वाण म्हणजे निर्धास्त वाण, असं समजून कुणी हे पुस्तक मिटू नये. आणि कडू दुधीचा रस कुणी औषध म्हणून पिऊ नये. त्याने माणसं दगावली आहेत.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. बुरशी, विषाणू आणि तणं यांचा विषय वेगळा, तो घेतलेला नाही. फवारणीच्या मात्रा दिलेल्या नाहीत. त्या दरवर्षी बदलतात आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतच बघाव्यात. रेणूंची नावं मराठीत घडवण्याचा हट्ट धरलेला नाही. जी नावं जगभर चालतात तीच देवनागरीत ठेवली आहेत. ज्यांना रसायनशास्त्राची भीती वाटते त्यांनी तिसरं प्रकरण आधी वगळावं, पुढचं अडत नाही. गच्चीत कुंड्या लावणाऱ्यांनी चवळीपासून सुरुवात करावी. चवळी कुंडीत येते आणि मुंग्या आपोआप येतात.

आणि या भागातल्या शाळा-कॉलेजांतल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. एन्झाइम शिकवताना फळ्यावर आकृती काढण्याआधी मोहरीचा प्रयोग वर्गात करा. तीन वाट्या घ्या : एकीत मोहरीची कोरडी पूड, दुसरीत पूड आणि थंड पाणी, तिसरीत आधी खरपूस भाजलेल्या मोहरीची पूड आणि थंड पाणी. पाच मिनिटं थांबा आणि मुलांना एकेक वाटी हुंगायला द्या. कारण त्यांनाच शोधू द्या. वर्गाच्या खिडक्या मात्र आधी उघडा.